बसायला शिकवणारी

आमच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी कोणीतरी मरतं. नाटकात मरतं, पण जोरात मरतं.

मी सांगितलेलं असतं एवढंच, की एकीने पुरातून वाचलेली बाई व्हायचं, दुसरीने तिच्याजवळ जाऊन बसायचं आणि बाकीच्यांनी बघायचं. थोड्या वेळचा सराव. दुसऱ्या जिल्ह्यांत हा सराव करून घेताना माझा घाम निघतो. लोक लाजतात, एकमेकींना पुढे ढकलतात. गोंदियात उलटं. हा झाडीपट्टीचा मुलूख. भाऊबीज झाली की इथे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, दिवसा दंडारीचा नाच, रात्री नाटक. नाटकाचं वेड नाही असं घर मला अजून सापडायचं आहे. त्यामुळे एखाद्या आशाताईला 'तुम्ही पूरग्रस्त व्हा' म्हटलं, की ती कमरेला पदर खोचते आणि विचारते, "मॅडम, रडून सांगू का बेहोश होऊन?"

आमगावच्या एका सभागृहातली ती बॅच मी विसरणार नाही. बाघ नदीला मोठा पूर येऊन गेला होता. काठच्या गावांतल्या आशाताई, अंगणवाडीच्या बाई, दोन-चार मास्तर आणि एक पोलीस पाटील असे लोक जमले होते. पूरग्रस्त झालेल्या बाईने असा काही हंबरडा फोडला की चहावाल्याने किटली खाली ठेवली. पोलीस पाटलांनी रुमाल काढला. आता ऐकणारीने नुसतं जवळ बसायचं होतं. ऐकणारी होती शकुनताई, नदीकाठच्या एका टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची आशा. उंच, खणखणीत आवाजाची, बोलायला लागली की मालगाडी. समोरचीला एवढे डायलॉग आणि आपल्याला काहीच नाही, हे तिला सोसेना. ती उठली, हात वर केला आणि म्हणाली, "बहिनी! पुसून टाक हे आसू! नदी आपली वैरीण नाई, नशीब वैरी हाय! उठ!" मागून शिट्टी आली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "शकुनताई, तुम्हाला फक्त ऐकायचं होतं."

"ऐकलं न मॅडम. मंग जवाब द्या लागते का नाई? बिना डायलॉगचा पार्ट कोण घेते?"

सगळं सभागृह हसलं, मीही हसले. पण माझं आयुष्यभराचं काम म्हणजे लोकांना हा बिनडायलॉगचा पार्ट शिकवणं. मोठं संकट येऊन गेलेल्या माणसाजवळ कसं बसायचं, हे मी शिकवते. पूर, आग, वीज पडणं, रस्त्यावरचा अपघात, जंगलात जनावराने केलेला हल्ला. माणूस वाचतो, जखम भरते, सरकारी मदतही कधी ना कधी येते. पण मन तिथेच अडकून राहतं. त्या मनाला हळूहळू बाहेर यायला मदत करणारी माणसं तयार करायची. याला मोठमोठी नावं आहेत, ती मी नागपूरला शिकले, परीक्षेत लिहिली आणि गुणही मिळवले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी अजूनही सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा गोंदियात राईस मिलमध्ये हमाल होते, आई रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत कंबर मोडून धान रोवायची. सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावातून मी बी.ए. झाले, मग नागपूरला जाऊन समाजकार्याची पदवी घेतली. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत घरी गेले तर बाबांनी बाजेवर बसवून विचारलं, "बाई, तुह्या हापिसात तू करतेस काय?"

मी पुष्कळ समजावलं. शेवटी म्हटलं, "बाबा, दुःख झालेल्या माणसाजवळ कसं बसाचं, थे मी लोकायले शिकवतो."

बाबांनी विचारलं, "बसाचं बी शिकवा लागते का?" आणि मग आईला हाक मारून म्हणाले, "आयकलं का वो? पोरगी नागपूरले जाऊन बसाले शिकून आली!" पुढे गावात कोणी विचारलं तर ते छाती काढून सांगायचे, "माही पोरगी बसाले शिकवते. पगार भेटते तिले." लोकांना काय कळायचं ते कळो. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. लिहिताना मी 'जाते' लिहिते, घरी गेले की 'जातो'.)

बसायला का शिकवावं लागतं, ते मात्र बाबांच्याच मिलवरून सांगता येतं. मिलमध्ये भोंगा असतो. आग लागली, पट्टा तुटला, की वाजतो. सगळे धावतात आणि काम झालं की भोंगा बंद. आपल्या शरीरातही असा भोंगा आहे. संकट आलं की तो वाजतो, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. त्यामुळेच आपण वाचतो. पण कधीकधी संकट फार मोठं असतं, आणि ते संपल्यावरही भोंग्याचं बटण अडकतं. पाणी ओसरलं तरी भोंगा वाजतच राहतो. त्या माणसाला झोप येत नाही, घास गिळवत नाही, कुठल्याशा बारीक आवाजाने दचकायला होतं. तो वेडा नसतो, भित्राही नसतो. पहिल्या काही आठवड्यांत तर हे होणारच. बहुतेकांचा भोंगा आपोआप बंद होतो. ज्यांचा होत नाही, त्यांच्यासाठी आम्ही.

सडक अर्जुनीच्या हायवेवरचा एक धाबेवाला मला आठवतो. त्याच्या धाब्यासमोर एक बस उलटली होती आणि त्याने तव्यावरची रोटी तशीच टाकून माणसं बाहेर काढली होती. गावाने सत्कार केला. मी भेटले तेव्हा म्हणाला, "मॅडम, मुझे कुछ नहीं हुआ। बस ब्रेक की आवाज आती है तो हाथ से चिमटा छूट जाता है।" हायवेवरच्या धाब्यात ब्रेकचा आवाज! दिवसभर चिमटा पडत होता बिचाऱ्याचा. त्याला आम्ही शिकवलं, आवाज आला की दोन्ही पाय जमिनीवर दाबायचे, श्वास सावकाश सोडायचा आणि समोर दिसतील त्या वस्तूंची नावं घ्यायची. म्हणजे शरीराला कळतं की आपण आज, इथे, धाब्यात आहोत. नावं घ्यायची म्हटल्यावर तो अख्खं मेनूकार्डच म्हणायला लागला, दाल फ्राय, दाल तडका, शेवभाजी. गिऱ्हाईक खूश, ऑर्डरही वाढल्या. महिन्या-दोन महिन्यांत चिमटा पडायचा थांबला, पण सवय काही गेली नाही.

असो. मी त्या आमगावच्या सभागृहात होते. शकुनताईला बिनडायलॉगचा पार्ट कसा पटवायचा, हा प्रश्न होता. मी विचारलं, "तुमच्या गावच्या नाटकात प्रॉम्प्टर कोण असतं?"

"डोमाजी," शकुन लगेच म्हणाली. "जवानीपासून थोच बसते विंगेत. त्याच्याबिगर पडदा वर नाई जात आमचा."

"तो काय करतो?"

"काई नाई. पुस्तक घेऊन बसते."

"काहीच नाही?"

बाकीचे बोलायला लागले. प्रॉम्प्टर प्रेक्षकांना दिसत नाही. त्याची नजर पुस्तकात कमी आणि नटाच्या तोंडावर जास्त. नट गप्प झाला की तो लगेच ओरडत नाही. मास्तर म्हणाले, "नट थांबला हाय का भुलला हाय, हे वळखा लागते. थांबला असन आन् याने मधातच सांगतलं, तर सीन मेला."

मी फळ्यावर तेवढंच लिहिलं. थांबला आहे की भुलला आहे. माणूस बोलता बोलता गप्प होतो, तेव्हा शंभरात नव्वद वेळा तो नुसता थांबलेला असतो. आपण घाईघाईने 'रडू नका', 'देवाची इच्छा', 'तुमची काय चूक' असं काहीतरी त्याच्या तोंडात कोंबतो, आणि सीन मरतो. गोष्ट त्याची आहे. कुठून सुरू करायची, कुठे थांबायचं, आज सांगायची की नाही, हे सगळं त्याच्या हातात. आपली जागा विंगेत.

शकुन म्हणाली, "म्हणजे मॅडम, आमाले सगळ्यायले डोमाजी करून टाकता?" आणि मग तिचा चेहरा उतरला. "पर मॅडम, त्या डोमाजीच्याच घरी तुमी चला. त्याच्या बायकोची हालत खराब हाय."

अशी मी गिरजाबाईच्या दारात पोचले.

पुराच्या दिवशी डोमाजी औषध आणायला गोंदियाला गेलेला. घरी गिरजाबाई आणि तिची सासू, जिला सगळा टोला नुसतं 'बुढी' म्हणायचा. पाणी चढलं तशी गिरजाबाईने शिडी लावून बुढीला कवेलूच्या छपरावर चढवलं. दुपारी ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा आला. छपरावरून डोंग्यात उतरताना मातीची भिंत खचली. बुढीचा हात गिरजाबाईच्या हातात होता. तो सुटला.

आमच्या भागात कोणाच्या घरी असं झालं की पाहुणे भेटायला येतात, आणि आल्या आल्या विचारतात, "कसं झालं वो?" न विचारलं तर माणुसकी नाही असं होतं. घरच्याने पहिल्यापासून सांगायचं, पाहुण्याने डोळे पुसायचे, तेवढ्यात दुसरा पाहुणा यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एरवी या चालीत शहाणपण आहे, सांगून सांगून दुःख झिजतं. पण गिरजाबाईला कोणी पहिल्यापासून विचारतच नव्हतं. सगळे थेट तिथेच यायचे, "हात कसा सुटला वो?" तेरवीच्या दिवशी भरल्या घरात तिच्या नणंदेनेही तेच विचारलं. सुमनबाई, बुढीची एकुलती एक लेक, आमगावला दिलेली. विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आधी उठून गेली. त्या दिवसापासून गिरजाबाईचा उजवा हात कामातून गेला. डॉक्टरांनी तपासला, हाताला काही नव्हतं. पण ती भाजी डाव्या हाताने कापायची, बादली डाव्या हाताने उचलायची, उजव्या हाताची मूठ सदा वळलेली.

मंडई दीड महिन्यावर आली होती. मंडईला लेकीबाळी, व्याही, नातलग सगळे येतात. गिरजाबाईने नवऱ्याला सांगून टाकलं होतं, "मी त्या दिवशी माहेरी जाऊन राहीन. घराले कुलूप लावजो."

मंडईच्या दिवशी घराला कुलूप म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. माणसं म्हणतात, ते घर बसलं. डोमाजी मला अंगणात म्हणाला, "मॅडम, सगळ्या गावाले मी शब्द सांगतो. हिले कोणता शब्द सांगू, मले समजून नाई राह्यलं." आणि सुमनबाई मंडईला आली आणि तिने कुलूप पाहिलं, तर बुढीच्या मागे त्या माहेराचा दरवाजा कायमचा बंद. माझ्यापुढे काम स्पष्ट होतं. कुलूप लागायला नको, पण गिरजाबाईला ओढून उंबऱ्यावर बसवायचंही नाही. दार उघडायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

मी शकुनला म्हटलं, "ही तुमची केस. मी विंगेत." जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरांनाही गिरजाबाईला दाखवलं, कारण नुसत्या बसण्याने सगळं होतं असं माझं म्हणणं नाही. त्यांनी झोपेची गोळी दिली आणि म्हणाले, तुमचं चालू द्या.

शकुन रोज जाऊन बसू लागली. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला दोघी मधे सूप घेऊन बसायच्या आणि शकुन तोंड मिटून ठेवायची. मला फोन करायची, "मॅडम, न बोलून माह्या पोटात दुखून राह्यलं." मी म्हणायची, दुखू द्या. काही दिवसांनी तिचा फोन आला तो हसत हसतच. त्या दुपारी गिरजाबाईने शेंगा खाली ठेवून तिला विचारलं होतं, "शकुन, तुले बरं नाई का? बोलत काऊन नाई? कोणी काई बोललं का तुले? सांग मले." आणि शकुन मला म्हणाली, "पेशंट मलेच समजावून राह्यली वो मॅडम!"

तिथून बोलणं सुरू झालं. गिरजाबाई म्हणाली, पाण्याची भीती नाही, माणसांची आहे. पाहुणा दारात दिसला की तिच्या कानात तो प्रश्न वाजतो आणि पुढचं काही दिसत नाही. मग आम्ही ठरवलं, प्रश्नाची तालीम करायची. पाहुणा विचारणार, त्याला ती दोन वाक्यं बोलणार. दोनच वाक्यं, तिने स्वतः ठरवलेली. "पुरात बुढी गेली. थे मी आज सांगत नाई, चहा घ्या." ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगायचं, जेव्हा वाटेल तेव्हा.

पाहुण्यांचा पार्ट अर्थातच शकुनकडे. इतके दिवस तोंड बांधून ठेवलेली बाई! तिने अंगणात एकामागून एक पाहुणे आणले. काठी टेकत येणारा बहिरा मामा आणला. पान चघळत येणारी विहीण आणली, जी प्रश्न विचारता विचारता घरातली भांडी मोजते. सडक अर्जुनीचा एक ट्रकवाला भाचा आणला, जो अंगणात शिरण्याआधी हॉर्न वाजवतो. पहिल्या दोन वेळा गिरजाबाई थिजली. आम्ही थांबलो. पाय जमिनीवर, श्वास सावकाश, समोर काय दिसतं त्याची नावं. तुळस. सूप. कोंबडी. शकुनचं थोबाड. हे 'थोबाड' तिनेच घातलं, आम्ही नाही.

तिसऱ्या खेपेला विहीण आली. "अवो गिरजाबाई, हात कसा सुटला वो? आन् हा पाण्याचा पितळी गुंड कितीले घेतला?"

गिरजाबाई म्हणाली, "पुरात बुढी गेली." थांबली. "थे मी आज सांगत नाई..." पुन्हा थांबली. तिच्या तोंडाकडे बघून मला वाटलं ती थांबली आहे. पण ती भुलली होती. दाराआडून एक हलका, सरावाचा आवाज आला.

"चहा घ्या."

डोमाजी. त्याला राहवलंच नव्हतं, दाराआड उभा राहून सगळी तालीम ऐकत होता. मग गिरजाबाई हसायला लागली. पुरानंतर पहिल्यांदा. "पाहा न वो, घरातबी विंगेत उभा हाय माणूस!" असं म्हणून तिने सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि दाराकडे फेकून मारल्या. शकुनने माझ्याकडे पाहिलं. शेंगा उजव्या हाताने फेकल्या होत्या. बोलायचं नाही, म्हणून शकुनने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळे मात्र तिला दाबता आले नाहीत.

त्या आठवड्यात गिरजाबाईने डोमाजीला सांगितलं, कुलूप नको. पण एक अट घातली. सुमनबाईला ती दोन वाक्यं बोलणार नाही. "तिले एक तर सगळं सांगीन, नाई तर तिच्यासमोर येणार नाई. तवाच्या तवा पाहीन." मी म्हटलं, बरोबर आहे. पण मनात धाकधूक होती. तेरवीपासून सुमनबाईचा या घराकडे फोनसुद्धा नव्हता. ती येईल का, आणि आली तर पहिलं वाक्य काय बोलेल, हे कुठल्या तालमीत बसवणार?

मी गोंदियाजवळ मुर्रीला राहते, मंडईच्या दिवशी तिथून सकाळीच निघाले. टोल्यावर पोचले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागलेली, उकडलेल्या सिंगाड्यांचे ढीग, कढईत जलेबी, पोरांचं पिपाण्या फुंकणं. पुरात पडलेल्या भिंतींच्या जागी कुठे ताडपत्री होती, कुठे नवी विटांची भिंत, पण प्रत्येक अंगण सारवलेलं. गिरजाबाईचं दार सताड उघडं. ती चुलीशी, नवं लुगडं, कपाळावर घाम. पाहुणे येत होते, विचारत होते, आणि ती ते आपलं ठेवणीतलं उत्तर असं झटकन देत होती की पाहुण्याच्या हातात कप कधी आला ते त्यालाच कळत नव्हतं. खरोखरच एक बहिरा मामा आला. त्याला दोन वाक्यं ऐकूच गेली नाहीत. त्याने पुन्हा विचारलं. गिरजाबाई त्याच्या कानाशी ओरडली, "चहा घ्या!" आणि शकुन स्वयंपाकघरात पळाली हसायला.

दुपारी सुमनबाई आली. एकटीच, हातात एक पिशवी. अंगणात उभी राहिली. गिरजाबाई चुलीपासून उठली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. उजव्या हाताची मूठ पुन्हा वळलेली मला दिसली. शकुन माझ्या शेजारी होती. मी तिचा पदर धरून ठेवला, न जाणो.

सुमनबाईने तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाली, "वयनी, मी येऊ का?"

"घर तुमचं हाय. बसा," गिरजाबाई म्हणाली.

दोघी ओसरीवर बसल्या. बहिऱ्या मामाने काही बोलायला तोंड उघडलं, तर डोमाजीने त्याच्या हातात सिंगाडा ठेवला. मग गिरजाबाईने सांगायला सुरुवात केली. आणि ती हातापासून सुरू झाली नाही. ती सकाळपासून सुरू झाली, जिथून तिला कोणी सुरू करूच दिलं नव्हतं.

"छपरावर चढलो तं बुढीच्या संगं काय होतं सांगू? पानाची चंची. घर बुडून राह्यलं आन् हे चंची घेऊन चढली. वर बसून पान लावलं. मलेबी देल्लं. आन् नदीले शिव्या. म्हणे, शेजारीण हायस तं दारातून आवाज देऊन ये न वो, अशी कशी घुसतेस बिनलाजी?"

सुमनबाईच्या तोंडून हसू फुटलं. तिला ते आवरेना. आईचा अगदी तोच सूर गिरजाबाईने धरला होता.

"मंग म्हणे, यंदाच्या दंडारीत कोण नाचते? मी म्हटलं, बुढे, पाणी पाह्य. थे म्हणे, पाणी उतरन, मंडई काई थांबते का? आन् मंग तुमचं काढलं."

"माह्यं?"

"म्हणे, सुमी रुसली हाय माह्यावर. मागच्या मंडईले सगळ्यायसमोर मी तिच्या वड्यायले दगड म्हणलो. तिले सांगजो, वडे चांगले होते, मी उगाच बोललो. यंदा तिलेच वडे कराले लावजो."

सुमनबाईने पदर तोंडावर घेतला. मला वाटतं ओसरीवरची सगळीच माणसं विंगेत जाऊन बसली होती, इतकं चिडीचूप. गिरजाबाई आता शेवटावर आली होती आणि थांबली होती. थांबली होती, भुलली नव्हती. मी शकुनकडे पाहिलं. शकुन ओठ चावत होती, पण गप्प.

"डोंगा आला," गिरजाबाई म्हणाली. "भिंत खचली. मी धरला होता हात. लय घट्ट धरला होता वो, बाई."

सुमनबाईने पदर काढला. तिने गिरजाबाईचा उजवा हात ओढून घेतला आणि वळलेली मूठ स्वतःच्या दोन्ही हातांत धरली. "मले सांगतेस का तू, घट्ट धरला म्हणून? माह्या पहिल्या बाळंतपणात हाच हात होता ना? पोरगं झालं तरी सोडला नाई. माही बोटं आठ दिवस सुजून होती. मले ठाऊक हाय हा हात. तुह्या हातून सुटला म्हणजे कोणाच्याबी हातून सुटला असता."

मी इतकी वर्षं माणसं शिकवली. 'तुमची चूक नाही' हे वाक्य का बोलू नये, यावर मी अर्धा दिवस शिकवते. आणि हे वाक्य कोणी, कधी, कोणाला बोलावं, ते त्या दिवशी ओसरीवर बघितलं. ते बोलायचा हक्क जगात एकाच बाईला होता. आमचं काम एवढंच होतं की ती येईपर्यंत दार उघडं राहावं.

मूठ सुटली. दोघी रडल्या, मग हसल्या, मग सुमनबाईने डोळे पुसून पिशवीतून उडदाची वाटलेली डाळ काढली. घरूनच वाटून आणली होती! म्हणजे भांडायला आलेली नव्हती. की भांडून मग वडे करणार होती, कोण जाणे. "तेल ठेव," ती म्हणाली आणि थेट चुलीशी गेली.

ते वडे मीही खाल्ले. खरं सांगू? बुढी छपरावर खोटं बोलली होती. वडे दगडच होते. पण त्या दिवशी त्या घरात एकाही माणसाने तसं म्हटलं नाही, बहिऱ्या मामाने तर दात नसताना तीन खाल्ले. मला एकच रुखरुख आहे. ती बुढी मला भेटायला हवी होती.

अंगणात येऊन शकुनने पहिल्यांदा तोंड उघडलं. "मॅडम, मी एक शब्द बोललो नाई! पाह्यलं का? एक बी नाई! माही आई असती तं तिनं सत्यनारायण घातला असता!" आणि मग सकाळपासूनचं साठलेलं सगळं बोलत बोलत ती माझ्यापुढे चालू लागली. आज ती स्वतः शिकवते. तालुक्याच्या नव्या आशांना 'बिनडायलॉगचा पार्ट' तीच समजावते, आणि समजावताना तिचं भाषण संपत नाही, अशी तक्रार माझ्याकडे येते. मी ती कानाआड करते.

ढोलकी वाजली आणि सगळा टोला पटांगणाकडे निघाला. बुढी दरवर्षी सगळ्यात पुढे, आपला गोणपाटाचा बोरा अंथरून बसायची. गिरजाबाईने तोच बोरा काखेत मारला होता. पुढे जाऊन तिने तो उजव्या हाताने झटकला, अंथरला, एका बाजूला सुमनबाईला बसवलं, स्वतः बसली आणि मधे जागा ठेवली. दंडारीत बाईचं सोंग घेतलेला एक मिशीवाला नाचत पुढे आला. तो पोलीस पाटील होता! आमगावच्या बॅचमधला, रुमालवाला. मी ओळखलं आणि जागच्या जागी उभी राहून टाळ्या वाजवायला लागले. बाबा आठवले. त्यांना हे सगळं दाखवायला हवं होतं, म्हणजे माझी नोकरी त्यांना एका दुपारी समजली असती.

तेवढ्यात मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

"अवो मॅडम, बसून जा न! तुमच्या मांगं आमाले काई दिसून नाई राह्यलं!"

गिरजाबाईने मधल्या जागेवर हाताने थापटलं. मी जाऊन बसले.